लाल झेंडी दाखवणे म्हणजे चुगली नव्हे



आपल्या चळवळीत एक वाक्य वर्षानुवर्षे चालत आले आहे. "आपल्या माणसाविरुद्ध कागद करायचा नाही." शाखेत नवा कार्यकर्ता आला की जुनी मंडळी वर्गणीच्या पावतीबुकाबरोबर हे वाक्यही त्याच्या हातात देतात. आम्ही स्वतः ते तीस वर्षे पाळले आणि इतरांना पाळायला लावले. आज या पानावर आम्ही स्पष्ट लिहीत आहोत की, रुग्णालयाच्या वॉर्डात हे वाक्य चुकीचे आहे आणि ते कामगारांच्याच जिवावर उठते. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. हे आम्हाला ग्रंथ वाचून कळलेले नाही. एका कंत्राटी सफाई कामगार बाईच्या तळहातात घुसलेल्या सुईने ते आम्हाला शिकवले.

घडले ते असे

आमच्या कार्यक्षेत्रातील एका रेल्वे रुग्णालयात एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. नोकरी संपत आलेली, हात सफाईदार, स्वभावाने मोकळ्या. मोर्चा असो की द्वारसभा, महिलांची फळी घेऊन त्या पुढे. आमच्या घरच्या आजारपणात रात्र रात्र बसलेल्या. अशा बाईविषयी तक्रार घेऊन एक दिवस एक तरुण स्टाफ नर्स शाखा कार्यालयात आली. नोकरीला लागून तिला पुरती दोन वर्षेही झाली नव्हती.

ती म्हणाली, "भाऊ, सिस्टर एकाच सिरिंजने तीन-चार पेशंटच्या सलाईनच्या नळ्या फ्लश करतात. सुई बदलतात, सिरिंज तीच ठेवतात. वापरलेल्या सुईला हाताने टोपण लावतात आणि साध्या कचऱ्याच्या पिशवीत टाकतात. ड्यूटीच्या सुरुवातीलाच सगळी इंजेक्शने भरून ट्रेमध्ये ठेवतात, एकावरही नाव नसते. मी दोनदा बोलले. त्या म्हणाल्या, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी हे करते आहे. काय करू?"

आम्ही काय सांगितले? आम्ही तिला चहा पाजला आणि म्हणालो, "ताई, घरातले भांडण चव्हाट्यावर आणू नका. मोठ्या आहेत त्या. सांभाळून घ्या. कागद केलात तर प्रशासनाला कोलीत मिळेल."

ती गेली. तरीही तिने मेट्रनच्या कानावर घातले. मेट्रनने लेखी काही घेतले नाही. मात्र बातमी वॉर्डात पोहोचली. त्या मुलीबरोबर डबा खायला कोणी बसेना. रात्रपाळ्या तिच्या वाट्याला जास्त येऊ लागल्या. आमच्याच सभासदांनी तिला "प्रशासनाची हेर" असे नाव ठेवले. आम्हाला हे सर्व ठाऊक होते आणि आम्ही गप्प होतो.

दोन-अडीच महिन्यांनी त्याच वॉर्डातील कचऱ्याची काळी पिशवी उचलताना सफाईच्या बाईच्या तळहातात सुई घुसली. सुई कोणी टाकली, कोणत्या रुग्णाची, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही आणि आम्हीही ते कोणावर लादत नाही. बाईने नळाखाली हात धुतला, फडके बांधले आणि काम पुरे केले. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "काही होत नाही." दुसऱ्या दिवशी ती कॅज्युअल्टीत गेली तेव्हा, तुझे रेल्वेचे वैद्यकीय कार्ड नाही, म्हणून तिला परत पाठवले. ज्या रुग्णालयाचा कचरा उचलताना सुई लागली, त्याच रुग्णालयाच्या दारातून परत!

तिला हाताला धरून जिल्हा रुग्णालयात नेले ते त्या "हेर" मुलीनेच. एचआयव्हीची बाधा टाळण्याची औषधे सुई लागल्यावर लवकरात लवकर, शक्य तर दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हावी लागतात व २८ दिवस घ्यावी लागतात. ही बाई दोन दिवस उलटून गेल्यावर तिथे पोहोचली. औषधे मिळाली. पुढचे काही महिने प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री तिला झोप नव्हती. अखेर सर्व तपासण्या चांगल्या निघाल्या. पण त्या काळात आम्हाला आणखी एक गोष्ट कळली. कावीळ ब ची लस तिला कधीच दिली गेलेली नव्हती.

आम्ही आमच्या सभासदाला सांभाळले आणि त्याची किंमत एका अशा कामगाराने मोजली, जिच्याकडून आम्ही वर्गणीसुद्धा घेत नव्हतो. ही आमच्या शाखेची लाज आहे.

"सुई बदलली, आता काय?"

आपल्यापैकी अनेकांना वाटते की सुई नवी असली म्हणजे झाले. तसे नाही. सिरिंजचा दट्ट्या मागे आला की डोळ्याला न दिसणारे रक्त नळीत शिरू शकते. नंतर सुई शंभरदा बदला, नळी दूषित ती दूषितच. तीच सिरिंज पुन्हा औषधाच्या बाटलीत घातली की बाटलीतला उरलेला सगळा साठा बिघडला, आणि त्या बाटलीतून ज्याला ज्याला औषध जाईल तो प्रत्येक रुग्ण धोक्यात आला. म्हणून जगभर एकच नियम सांगतात : एक सुई, एक सिरिंज, एकदाच.

कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. बाधित सुई टोचली आणि लस घेतलेली नसली, तर कावीळ ब होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते. कावीळ क ची सुमारे दोन ते तीन, आणि एचआयव्हीची हजारात तीन. आपले लोक एचआयव्हीला घाबरतात आणि काविळीला हसतात. आकडे उलटे सांगतात. आणि त्या काविळीवर तर तीन मात्रांची लस उपलब्ध आहे.

२००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात कावीळ ब ची साथ पसरली, अनेक बळी गेले आणि बोट ठेवले गेले ते वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरण्याच्या प्रकारावर. २०१८ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ येथे अनेक लोक एचआयव्हीबाधित आढळले; तेथेही संशय एकच सुई अनेकांना टोचणाऱ्या एका बिगरपरवाना इलाज करणाऱ्यावर आला. कोणी म्हणेल, ते भोंदू होते, आमच्या सिस्टर प्रशिक्षित आहेत. बरोबर. पण प्रशिक्षित हाताने केलेली चूक विषाणूला वेगळी ओळखू येत नाही.

ट्रेमधल्या बिननावाच्या इंजेक्शनांचेही तेच. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हा धडा प्रत्येक परिचारिका पहिल्या वर्षी शिकते. पाण्यासारख्या दिसणाऱ्या सहा सिरिंजा शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यातली कोणती कोणाची, हे पहाटे चार वाजता पेंगुळलेल्या डोळ्यांनी कोण सांगणार? आणि त्या खाटांवर असते कोण? आपलाच ट्रॅकमन, आपलाच निवृत्त ड्रायव्हर, आपल्याच सहकाऱ्याची बाळंतीण लेक.

आपण रुळावर काय करतो?

रेल्वेच्या बंधूंना आम्ही विचारतो. गाडी जात असताना गेटमन फाटकात उभा राहून काय बघत असतो? डब्याचा ॲक्सल तापला आहे का, एखादा भाग लोंबकळतो आहे का, दार उघडे आहे का. काही दिसले की तो लाल झेंडी दाखवतो. त्या वेळी तो असा विचार करतो का, की गाडीचा ड्रायव्हर आपल्या युनियनचा आहे, डबा तपासणारा फिटर आपल्या गावचा आहे, त्यांना चार्जशीट मिळेल, जाऊ दे गाडी? आणि गाडी थांबली म्हणून त्या गेटमनला कोणी चुगलखोर म्हणते का? गाडीला धोका दिसला तर ती थांबवण्याची खटपट करणे आणि खबर देणे हे आपल्या सामान्य नियमांनी प्रत्येक रेल्वे कर्मचाऱ्यावर सोपवलेले कर्तव्य आहे. मग तो शिपाई असो की स्टेशन मास्तर.

टपालातल्या बंधूंनाही विचारतो. थैली आली, सील तुटलेले आहे, तर घेणारा काय करतो? मागच्या कार्यालयातला माणूस ओळखीचा आहे म्हणून मुकाट्याने सही करतो का? तो साक्षीदार बोलावतो, थैली त्यांच्यासमोर उघडतो, नोंद करतो, वर कळवतो. तसे केले नाही तर तुटलेले सील त्याच्या गळ्यात पडते. याला कोणी फितुरी म्हणत नाही, याला काम म्हणतात.

रुळावर जे कर्तव्य, थैलीपाशी जे काम, ते वॉर्डात शिरताच चुगली कसे होते? याचे उत्तर कोणी आम्हाला द्यावे. आम्हाला तरी ते सापडलेले नाही.

"पण प्रशासनाला कोलीत मिळते"

हा आक्षेप मात्र पोकळ नाही आणि त्याला उत्तर देणे भाग आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली, त्या दिवशी अकरा रुग्ण दगावले. त्यानंतर अटक कोणाला झाली? एका डॉक्टरला आणि परिचारिकांना. विजेची व्यवस्था परिचारिकेने केली होती काय? आग विझवण्याची यंत्रणा बसवणे परिचारिकेचे काम होते काय? राज्यभरातील परिचारिका संतापून उठल्या ते उगाच नाही. दोषाचे गाठोडे वरून खाली ढकलत शेवटच्या पायरीवर ठेवायचे, ही प्रशासनाची जुनी रीत. १२ मे रोजी परिचारिकांना गुलाबाची फुले द्यायची आणि १३ तारखेला हातमोजे संपले म्हणून सांगायचे, हेही तेच प्रशासन.

आमच्या त्या ज्येष्ठ सिस्टरना आम्ही शेवटी समोर बसवले, तेव्हा त्या आधी रागावल्या, मग रडल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, रात्री तीस पेशंट आणि मी एकटी. प्रत्येकाला नवी सिरिंज, प्रत्येकाचे लेबल, प्रत्येक सुई डब्यात. डबा कुठे आहे? इंडेंट करून करून हात दुखले. तुम्ही दोन हातांनी तीस माणसे बघून दाखवा." इंडियन नर्सिंग कौन्सिलने सर्वसाधारण रुग्णालयासाठी घालून दिलेले प्रमाण पाच रुग्णांमागे एक परिचारिका असे आहे. इथे तिसांमागे एक. सिस्टर खोटे बोलत नव्हत्या.

पण बंधू-भगिनींनो, त्यांचे खरे असल्याने सफाईवाल्या बाईच्या हातातली सुई खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. कामाचा बोजा हे चुकीचे कारण आहे. ते चुकीला परवानगी देत नाही. डबा नसेल तर "डबा नाही" असा कागद करायचा असतो. कागद न करता आपण जेव्हा आडमार्गाने काम भागवतो, तेव्हा प्रशासनाची उणीव आपल्या अंगावर ओढून घेतो. वॉर्ड बिनबोभाट चालतो, पदे रिकामी राहतात, डबे येत नाहीत, आणि अपघात झाला की विचारतात, सुई कोणी टाकली? म्हणजे ज्या गुपचूप सवयीला आपण एकजूट समजतो, तिच्यावरच प्रशासनाचा कारभार चालतो. कोलीत त्यांच्या हातात आपले मौन देते.

मग करायचे काय?

आमच्या शाखेने पुढील रीत ठरवली आहे. ती इतर शाखांनीही तपासून पाहावी.

पहिले, रुग्णाला किंवा सहकाऱ्याला त्या क्षणी धोका असेल तर तिथल्या तिथे थांबवायचे. "सिस्टर, थांबा, ही सिरिंज वापरलेली आहे," एवढेच. रुग्णासमोर अपमान करायचा नाही, पण थांबवायचे. धोका दिसत असताना "नंतर बोलू" चालणार नाही.

दुसरे, ड्यूटी संपल्यावर एकांतात बोलायचे. काय पाहिले ते सांगायचे, त्यांना काय अडचण आहे ते ऐकायचे. पुष्कळ ठिकाणी गोष्ट इथेच मिटते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाला नवा नियम कोणी सांगितलेलाच नसतो.

तिसरे, तरीही प्रकार चालू राहिला तर इन्चार्ज सिस्टरना व मेट्रनना लेखी द्यायचे आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. कागदात तारीख, वेळ, वॉर्ड आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट एवढेच लिहायचे. "निष्काळजी", "आळशी" असली विशेषणे नकोत, ऐकीव गोष्टी नकोत, जुनी भांडणे तर मुळीच नकोत. त्याच कागदात वॉर्डात त्या वेळी किती रुग्ण होते, किती परिचारिका होत्या आणि कोणते साहित्य नव्हते, हेही लिहायचे. ही शेवटची ओळ फार मोलाची आहे. ती लिहिणारीलाही वाचवते आणि जिच्याविषयी लिहिले तिलाही.

चौथे, त्याची प्रत शाखेकडे द्यायची, आणि शाखेने त्या दिवसापासून लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभे राहायचे. तिची ड्यूटी सूडाने बदलली, तिच्यावर बहिष्कार पडला, तर ती बाब संघटनेची मानायची. बहिष्कार घालणारे आपलेच सभासद असले तर त्यांना शाखेत बोलावून समज द्यायची.

पाचवे, जिच्यावर आरोप झाला तिलाही एकटे सोडायचे नाही. रेल्वेच्या १९६८ च्या शिस्त व अपील नियमांखाली चौकशीत सहाय्यक घेण्याचा हक्क तिला आहे. तो सहाय्यक आपण द्यायचा. चूक झाली असेल तर ती कबूल करायला सांगायचे आणि परिस्थितीचे पुरावे पटलावर ठेवायचे. रेल्वे अपघाताची चौकशी करणारे संरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखाली आहेत. हे असे का ठेवले? ज्याच्या कारभारात अपघात झाला त्यानेच न्यायनिवाडा करू नये म्हणून. मग वॉर्डातल्या अपघाताची चौकशी त्याच रुग्णालयाच्या वरिष्ठांनी बंद दाराआड का करावी? बाहेरचा वैद्यकीय अधिकारी आणि परिचारिकांचा प्रतिनिधी चौकशीत हवा, ही आमची मागणी आहे.

आम्ही असेच केले. सुईचा प्रकार झाल्यावर प्रशासनाला एकाएकी जाग आली आणि ज्येष्ठ सिस्टरना थेट एसएफ-५ देण्यात आला. टपाल बंधूंच्या भाषेत नियम १४. आम्ही चौकशीत उभे राहिलो. सिस्टरनी सिरिंजची चूक मान्य केली. आम्ही ड्यूटी रोस्टर आणि डब्यांसाठी केलेले, उत्तर न मिळालेले इंडेंट मांडले. त्या तरुण नर्सने साक्ष दिली आणि तिच्या साक्षीतच "वॉर्डात तीस रुग्ण, परिचारिका एक" हे वाक्य होते. मोठी शिक्षा टळली, ताकीद नोंदवली गेली. ज्या मुलीला आम्ही हेर म्हणू दिले, तिच्या कागदाने त्या सिस्टरची नोकरी वाचवली.

प्रशासनाला आमचे सांगणे

जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ पासून आहेत, २०१६ साली ते नव्याने आले. सुया-पात्यांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, सुई आरपार न जाणारा डबा. कचरा हाताळणाऱ्या सर्वांना कावीळ ब व धनुर्वाताची लस. सर्वांना दरवर्षी प्रशिक्षण. हे सर्व त्यात लिहिलेले आहे आणि ते पुरवणे रुग्णालय चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तर आरोग्य संस्थेत काम करणाऱ्या, बाधेचा धोका असलेल्या प्रत्येक व्यक्तीला खबरदारीची साधने आणि सुई लागल्यानंतरची औषधे देणे संस्थेवर घातले आहे. प्रत्येक व्यक्तीला! कार्ड आहे का, ठेकेदार कोण, हे त्यात विचारलेले नाही.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक वॉर्डात आणि ड्रेसिंग रूममध्ये सुयांचा डबा हवा, आणि तो तीन चतुर्थांश भरला की बदलला पाहिजे. कंत्राटी कामगारांसह सर्वांना लस हवी. सुई लागल्यावर कोणाकडे जायचे, हे मोठ्या अक्षरांत भिंतीवर हवे आणि पहिली मात्रा रात्रीसुद्धा रुग्णालयातच मिळाली पाहिजे. परिचारिकांची रिकामी पदे भरली पाहिजेत. आणि जो चूक किंवा थोडक्यात टळलेला धोका स्वतःहून सांगेल, त्याला त्या सांगण्याबद्दल शिक्षा होता कामा नये. हे सर्व आम्ही पीएनएमच्या बैठकीत मांडले आहे. डबे आले. लसीकरण झाले. पदांपैकी काही भरली, बाकीच्यांसाठी झगडा चालू आहे.

त्या सफाईच्या बाई आजही त्याच वॉर्डात काम करतात. आता त्या पिशवी उचलण्याआधी सिस्टरना विचारतात, "बाई, सुया डब्यात टाकल्या ना?" आणि वॉर्डातील परिचारिका त्यांना उत्तर देतात. एक कंत्राटी कामगार ज्येष्ठ परिचारिकेला हा प्रश्न विचारू शकते आणि कोणाचा अपमान होत नाही. एकजूट म्हणतात ती हीच, असे आता आमचे मत झाले आहे.

ती तरुण नर्स आमच्या शाखेच्या कार्यकारिणीवर आहे. तिला आम्ही सर्वांसमक्ष चूक झाली असे सांगितले. इतर शाखांच्या चिटणीसांना आमचे नम्र पण स्पष्ट सांगणे आहे की, तुमच्याकडे अशी एखादी मुलगी कागद घेऊन आली तर चहा जरूर पाजा. पण कागद घ्या, वाचा, पोच द्या आणि तिच्याबरोबर उठून वॉर्डापर्यंत चला.

कामगार एकजुटीचा विजय असो!